पंधरा किलोच्या आत

२ जानेवारी

एका कचेरीतून आज रद्दीत चाळीस डायऱ्या आल्या. गेल्या वर्षीच्या, पण आतून कोऱ्या करकरीत. पुठ्ठा वेगळा आणि कागद वेगळा करून विकायचा, हा आमचा धंदा. एकोणचाळीस फाडल्या, चाळिसावी गल्ल्याखाली सरकवली. यांनी बघितलंच. म्हणाले, "आता काय रद्दीवाल्याच्या बायकोचं आत्मचरित्र का?" म्हटलं, लिहीन, आणि तुमच्याबद्दल खरं खरं लिहीन.

छापलेले वार चुकीचे आहेत, म्हणून नुसत्या तारखा घालते.

लिहायचं कारण एकच. या वर्षी पुठ्ठीचं ऑपरेशन करून टाकायचं, पिल्लं बंद होण्याचं. नुसतं मनात ठरवलं की माझ्याकडून काही होत नाही, हे मला आता पन्नाशीत कळलंय. कागदावर असलं की निदान डोळ्यांसमोर राहतं.

पुठ्ठी ही आमची कुत्री. अगदी एवढीशी असताना पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगात सापडली, रंगही पुठ्ठ्याचाच, म्हणून पुठ्ठी. दिवसभर दुकानात वजनकाट्याशेजारी बसून असते आणि संध्याकाळी आमच्याबरोबर मागच्या खोल्यांत येते. गेल्या उन्हाळ्यात तिला पाच पिल्लं झाली. दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यावर ट्रक. महिन्याभरात पाचही गेली. शेवटचं मी स्वतः पेपरात गुंडाळून मागच्या मोकळ्या जागेत पुरलं. त्यानंतर कितीतरी दिवस पुठ्ठी एकेका गठ्ठ्याखाली नाक खुपसत होती. गिऱ्हाईक आलं की त्याच्या पिशवीत डोकं घालून बघायची. मला ते बघवत नव्हतं. एकदा तर दुकान अर्धवट सोडून आत जाऊन रडले. पुन्हा ते नको म्हणजे नको.

५ जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करून आले. डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलते गोड, पण भाव ऐकून घाम फुटला. आणि भाव कशावर, तर वजनावर! पंधरा किलोच्या आत असेल तर सहा हजार, वर असेल तर साडेआठ. भूल वजनावर लागते म्हणे, औषधंही वजनावर. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडेही सगळं वजनावरच असतं, पण आमच्याकडे वजन आणणाऱ्याला पैसे मिळतात." हसली, पण एक छदामही कमी केला नाही. फुकट ऑपरेशन करणारी गाडी पूर्वी यायची, तिचं विचारलं. ती बंद पडून वर्ष झालं.

घरी येऊन पुठ्ठीला आमच्या काट्यावर उभं केलं. साडेपंधरा! म्हणजे वरच्या अर्ध्या किलोचे अडीच हजार. एवढी महाग रद्दी मी जन्मात ऐकली नाही. अर्धा किलो उतरवायचा, की प्रश्न मिटला.

हे म्हणाले, "एकदा वाण्याच्या काट्यावर बघ की. त्याचा नवा आहे." म्हटलं, घरात काटा असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? यावर डोकं खाजवत गठ्ठे बांधायला गेले. एरवी गठ्ठे बांधा म्हणून मला कंठशोष करावा लागतो.

पैशांचं असं आहे की बाटल्यांचे पैसे माझे. लग्न होऊन आले तेव्हाच सासऱ्यांनी हे ठरवून दिलं होतं. कागद, पुठ्ठा, लोखंड तोलून घ्यायचं, ते यांचं. काचेच्या बाटल्या मोजून घ्यायच्या, त्या माझ्या. आजपर्यंत त्या पैशांतून घरातलंच काहीबाही घेत आले. या वेळी सगळे पुठ्ठीचे. डब्यात साडेचार हजार आहेत.

९ जानेवारी

पुठ्ठीचं सकाळचं दूध बंद. भात अर्धा. उरलंसुरलं मिळणार नाही. घरात सगळ्यांना जाहीर करून टाकलं.

सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "या दिवसांत नको गं उपाशी ठेवूस तिला." म्हटलं, आई, थंडी काय कुठे पळून जात नाही, आणि कुत्र्यांना अंगावर केस असतात. त्यांनी पुठ्ठीच्या पोटावरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघू लागल्या. त्यांची ही सवयच आहे, बोलायचं अर्धं आणि बघायचं भिंतीकडे.

खरं तर हिची चूक आहे. डिसेंबरात तीन दिवस घर सोडून उंडारत होती. बाहेर काय काय खाऊन आली कोण जाणे, तेव्हापासूनच अंगानं भरलीय.

१५ जानेवारी

आज वजन केलं. सोळा.

दोनदा केलं. सोळाच. निम्मं खाऊन कोणाचं वजन वाढतं का? कोणीतरी चोरून घालतंय. मी सरळ आहे, पण माझ्या डोळ्यांत कोणी धूळ फेकायला गेलं तर मी वाकडीही होते. संशय तिघांवर आहे. एक आमचे हे, पण ते स्वतःच्या ताटातलं कोणाला देतील असं वाटत नाही. दुसरी शेजारची शिलाईवाली, तिला दुपारी खारी खायची सवय आहे. तिसऱ्या सासूबाई.

शिलाईवालीला विचारलं. म्हणाली, "मला माझ्याच पोटाला पुरत नाही, तुमच्या कुत्रीला कुठून घालू?" आणि खारीचा पुडा माझ्यासमोर मोजून ड्रॉवरमध्ये ठेवला. उरल्या सासूबाई.

१८ जानेवारी

वरच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंशी वाजलं. वर्षाचे पेपर घेऊन आल्या होत्या. आमच्या काट्यावर अठरा किलो. म्हणतात, घरी मोजले तेव्हा वीस होते. घरी म्हणजे कशावर, तर स्वतःचं वजन करायच्या काट्यावर! मी म्हटलं, बाई, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा काटा आहे हा, आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते." मी तोंडाला तोंड दिलं. हे मात्र मध्ये पडून म्हणाले, "जाऊ दे, बाईंना वीसचे दे." आणि दिलेसुद्धा! यांच्या या पडखाऊपणामुळेच आमचा धंदा वर येत नाही.

२२ जानेवारी

सासूबाईंना तोंडावर विचारलं. पुरावा म्हणजे पुठ्ठी हल्ली दुकान सोडून त्यांच्या खाटेखाली झोपते आणि त्यांचा हात चाटते. उगाच कोणी कोणाचा हात चाटत नाही.

"आई, तुम्ही तिला खायला घालताय ना?"

"अजूनपर्यंत तरी नाही," म्हणाल्या.

"अजूनपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे नाही."

मग माझा तोल गेला. म्हटलं, अडीच हजारांचा प्रश्न आहे, तुम्हाला बसल्या जागी लाड सुचतात, बाटल्या धुऊन हात माझे फाटतात. जरा जास्तच बोलले. त्या पुठ्ठीला थोपटत राहिल्या. बोलत्या तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

आता नवं नाटक. सासूबाई जेवण झालं की ताट घेऊन माझ्यापुढे येतात, तिरकं धरून दाखवतात आणि म्हणतात, "बघ. रिकामं आहे." दोन्ही वेळेला. काल शिलाईवालीसमोर दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताट खरंच लख्ख असतं, शीतसुद्धा नसतं. हल्ली त्या जेवायलाही खाटेवरच बसतात, माझ्याकडे पाठ करून. रुसवा आहे, चालायचंच.

२९ जानेवारी

साडेसोळा. मी हात टेकले.

आता वजनाच्या नादाला लागायचं नाही. वर्षभर असंच चाललं तर पिल्लं माझ्या डोळ्यांदेखत होतील. साडेआठ तर साडेआठ. बाटल्यांचे सहा जमलेत. मंगल कार्यालयाच्या मागून दोन हातगाड्या भरून आणल्या, हात कापला, पण आणल्या. वरचे अडीच यांच्याकडे मागितले. मला वाटलं होतं, चार दिवस घोळवतील. पण यांनी लगेच काढून दिले आणि वर म्हणाले, "अजून लागले तर सांग." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे माणूस वाटतो तितका चिक्कू नाही.

परवाची वेळ घेतली आहे.

सासूबाईंच्या हातातलं कडं आता कोपरापर्यंत सरकतं. वय झालं.

३१ जानेवारी

आज सगळं लिहिणार.

दवाखान्यात पुठ्ठीला त्यांच्या काट्यावर चढवलं. आकडा आला साडेअठरा. मी म्हटलं, "बाई, तुमचा काटा खोटा आहे. परवाच साडेसोळा होती." डॉक्टरीण म्हणाली, आमचा बरोबर आहे. माझं डोकंच फिरलं. सगळ्या बाकड्यांवर माणसं बसलेली, मांडीवर मांजरं, पिंजऱ्यात पोपट, आणि मी त्यांच्यासमोर म्हणतेय की वजनावर पैसे लावता आणि काटा वाढवून ठेवता, हा धंदा मला शिकवू नका, आमचा जन्म काट्यावर गेलाय. ती चिडली नाही. कपाटातून कुत्र्यांच्या खाण्याची दहा किलोची सीलबंद पिशवी काढली आणि काट्यावर ठेवली. दहा. एक तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पोपटवाला हसला.

मग तिनं पुठ्ठीच्या पोटाला हात लावला. एकदा दाबलं, परत दाबलं. मग कानाला नळ्या लावून ऐकत राहिली.

"अहो, हिच्या पोटात पिल्लं आहेत. सहा आठवडे तरी झालेत."

मी म्हटलं, शक्य नाही, मी तर तिला तीन आठवडे निम्म्या जेवणावर ठेवलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या त्या बघण्यानं मला जे झालं ते इथे लिहिता येत नाही. गाभण जनावराला मी उपाशी ठेवलं. मी. आणि वर वजन वाढतंय म्हणून चोर शोधत बसले.

ती म्हणाली, आजही करता येतं. गर्भपिशवी मोठी झालेली असते, रक्त जास्त जातं, धोका जास्त, बारा हजार होतील आणि पिल्लं जातील. नाहीतर होऊ द्या, पिल्लांचं दूध सुटलं की घेऊन या, तेव्हा नेहमीचा भाव.

ठरवून आले होते की आज करायचंच. क्षणभर तोंडात आलंही होतं, करून टाका. त्या शेवटच्या पिल्लाची पेपरातली पुडी आठवली. मग विचारलं, "पैसे बाजूला ठेवा. तिच्या जिवाला कुठलं बरं?"

"आता थांबणं."

थांबले. ऑपरेशन टळलेलं नाही, पुढे गेलंय. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते.

येताना वाण्याकडून तांदळाची दहा किलोची सीलबंद पिशवी घेतली. दुकानात आले आणि कोणाशी न बोलता ती आमच्या काट्यावर ठेवली. नऊ.

हे सुतळी गुंडाळत होते. बराच वेळ सुतळीच गुंडाळत होते.

"बाबांच्या वेळेपासून आहे ते," म्हणाले शेवटी. "आतल्या स्प्रिंगला. सुई शून्यावरच असते, कोणाला कळत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू भांडतेस ना गिऱ्हाइकांशी, काटा खरा आहे म्हणून. तुझ्यासारखं मला नसतं जमलं भांडायला."

म्हणजे इतकी वर्षं मी यांच्या काट्याची जामीन होते, आणि मलाच पत्ता नाही! वर म्हणतात, सगळेच करतात, मोठा व्यापारी आपल्याकडून घेताना आपलाही मारतो, याच काट्यावर घर उभं राहिलं. मी त्यांचे अडीच हजार त्यांच्या समोर ठेवले. म्हटलं, हे तोललेले पैसे आहेत. पुठ्ठीच्या ऑपरेशनला मोजलेलेच लागतील.

१ फेब्रुवारी

सासूबाईंची माफी मागितली. सोपं नव्हतं. माझ्या जिभेला माफीची सवय नाही. सरळ म्हटलं, आई, चुकलं माझं, तिच्या पोटात पिल्लं आहेत, तुम्ही काही घालत नव्हता.

त्या म्हणाल्या, "घालत होते की."

"काय?"

"तू बोललीस त्या दिवसापासून. त्याआधी नाही. तू चोर म्हणालीस, मग म्हटलं, आळ आलाच आहे तर तिच्या पोटात तरी जाऊ दे."

"आणि ते रिकामं ताट?"

"ताट रिकामंच होतं. कोणी रिकामं केलं ते तू विचारलं नाहीस."

मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांचा हात हातात घेतला, आणि ते कडं घसरत कोपरापर्यंत गेलं, आणि रडायलाच आलं. आपलं निम्मं जेवण त्यांनी कुत्रीला घातलं होतं आणि मी वय झालं, वय झालं करत बसले होते. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना तिचं? म्हणाल्या, "आठ बाळंतपणं झालेल्या बाईला पोट बघून कळत नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर झोपवली असतीस. तू एकदा ठरवलंस की ऐकतेस कोणाचं?"

हे खरं आहे, त्यामुळे जास्त लागलं.

आजपासून दोघींनाही पोटभर.

१९ फेब्रुवारी

पहाटे चार पिल्लं. तीन पुठ्ठ्याच्या रंगाची, एक काळं कुळकुळीत. सासूबाई तिच्याजवळ बसून होत्या, मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "तिला येतं, तू फक्त गप्प बस."

गप्प बसले. माझ्यासाठी ही मोठीच गोष्ट.

३ मार्च

यांच्याकडून कुंपण करून घेतलं. भंगारात आलेली लोखंडी जाळी आणि एका कपाटाचं दार. रस्त्याकडे जायला उंदराएवढीही फट नाही. यांनी कुरकुर न करता केलं. काट्याचं मात्र टाळतायत. रोज विचारते, रोज म्हणतात, मिस्त्री गावाला गेलाय. हा कुठला गाव, जिथून माणूस परत येत नाही?

९ मार्च

आज मी दुकानाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हटलं, काटा दुरुस्त होईपर्यंत दुकान बंद. दुपारी मिस्त्री हजर! गाव दोन गल्ल्या पलीकडेच होतं.

आता दहाला दहा दाखवतो. हे संध्याकाळी हिशोब करून तोंड पाडून बसले. "महिन्याला किती कमी पडणार माहितीय?" म्हटलं, माहितीय. मी बाटल्या वाढवते, तुम्ही विडी कमी करा. एवढं बोलले खरं, पण आतून मलाही धाकधूक आहे. भाडं वाढणार आहे, वरून पाच तोंडं, त्यात चार दुधावरची. आम्ही काही साधुसंत नाही. पण मागं फिरायचं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

२ एप्रिल

मास्तरीणबाई आल्या. मी पेपर काट्यावर ठेवले आणि म्हटलं, तुम्ही वाचा. त्यांनी चष्मा वर करून सुई बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पैसे पिशवीत टाकताना जाळीपाशी थांबल्या. "ते काळं कोणाला दिलंय का?"

म्हटलं, नाही. पण अंगण आहे का? दार लागतं का? आणि मादी आहे ती, मोठी झाली की ऑपरेशन करावं लागेल, खर्च तुमचा. कबूल असेल तर न्या, नाहीतर राहू दे.

"भाव किती?"

"वजनावर आहे," म्हटलं. "आत्तापासून बाजूला टाकायला लागा."

कबूल झाल्या.

१७ एप्रिल

तीन गेली. काळं मास्तरीणबाईंकडे, एक शिलाईवालीच्या भावाकडे, एक दवाखान्यातल्या त्या पोपटवाल्याकडे. त्याच्या घरी मी स्वतः जाऊन फाटक बघून आले. चौथ्याची पुठ्ठीच्या कानाला लोंबकळायची सवय जात नाही. दांडगोबा आहे अगदी. तो सासूबाईंच्या खाटेखाली राहणार असं सासूबाईंनीच परस्पर ठरवलंय. मी विरोध केला नाही. नर आहे, त्याचं पुढे बघू, निम्म्या खर्चात होतं म्हणे.

पुठ्ठी तीन दिवस जाळीभोवती फिरली. पण या वेळी पिल्लं कुठे गेली ते मला माहीत होतं. तिला सांगितलंसुद्धा, एकेकाचा पत्ता सांगितला. हे म्हणाले, वेड लागलंय हिला. लागू दे.

६ मे

झालं.

पुठ्ठीचं वजन सतरा. साडेआठ हजार दिले, सगळे बाटल्यांचे. अर्धी चिल्लर होती. मदतनीस मुलगी मोजताना तीनदा चुकली, मी प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजायला लावली.

सासूबाई हटून बरोबर आल्या. म्हटलं, तिथे तासन्‌तास बसावं लागतं. म्हणाल्या, "मला काय घरी दुकान सांभाळायचंय?" पुठ्ठीला आत नेलं. तिनं दाराशी पाय रोवले, वळून माझ्याकडे बघितलं. दार लागल्यावर मला एकदम वाटलं, काय केलं आपण! तिला कोणी विचारलं? ती बिचारी चालत आली माझ्यामागून, विश्वासानं. असंच काहीतरी मी सासूबाईंना बोलून दाखवलं.

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाचव्याच्या वेळी आमच्याकडे नर्सबाई आली होती. म्हणाली, हिचं शरीर थकलंय, आता बंद करा, पैसे लागत नाहीत."

मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरात सासूबाईंची आठ बाळंतपणं ही कौतुकानं सांगायची गोष्ट आहे. आठ झाली, चार जगली, आणि बाई बघा कशी ताठ.

"मग?"

"मग काय. बाहेरच्या खोलीत सगळे बसले. माझे सासू-सासरे, याचा बाप. बराच वेळ बोलले. मग नर्सबाईला चहा देऊन पाठवून दिलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी चहा करत होते."

आमचे हे सहावे. माझ्या मनात ते आलं आणि मी बोलूनही गेले, आई, तेव्हा बंद केलं असतं तर हे झाले नसते.

"नसता झाला," त्या म्हणाल्या. "आता झालाय तर झालाय, त्याचं काही नाही. त्याच्यानंतरच्या दोघींचं वाटतं. एक आठवडाभर होती. एक दुपारपर्यंत."

मी त्यांचा हात धरून बसले. बाकड्यावर शेजारी एका माणसाचं मांजर ओरडत होतं, मदतनीस मुलगी कोणाला तरी पट्ट्याचा भाव सांगत होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी या बाईशी बोलले ते सगळं मीठ, दूध, गॅस आणि औषधाच्या गोळ्या याबद्दल. मला माझीच शरम वाटली.

तासाभरानं डॉक्टरीणबाई आली, हसतच. सगळं नीट झालं. पुठ्ठीला चादरीत घालून दिलं, जीभ बाहेर, डोळे अर्धवट. रिक्षात ती आमच्या दोघींच्या मांडीवर आडवी. डोकं माझ्याकडे, पोट सासूबाईंकडे. त्या खड्डा आला की तिच्या पट्टीवर हात धरायच्या.

घरी आणून निजवली. यांनी आधीच पोती अंथरून ठेवली होती, वर स्वतःची जुनी शाल. दुकानात गिऱ्हाईक असताना चार वेळा आत डोकावून गेले. मग मी हात धुतले आणि स्वयंपाकाला लागणार, तेवढ्यात काय वाटलं कोणास ठाऊक, खोलीच्या दारात जाऊन म्हटलं, "आई, आज जेवायला काय करू?"

त्या म्हणाल्या, "त्याला विचार."

"त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय. तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

"मला?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. कपाळाला आठ्या घातल्या. तोंड उघडलं, मिटलं. म्हणाल्या, "थांब. विचार करून सांगते."

अंधार पडत आलाय. हे दुकानातून ओरडून विचारतायत, जेवणाचं काय? मी सांगितलं, अजून ठरलं नाही, थांबा. सासूबाई खाटेवर बसून विचार करतायत. मी गॅस पेटवलेला नाही.